पुण्याचं कोलेस्टेरॉल

ऋतिकाचा ज्याच्याशी तीन वर्षं रोजचा संबंध होता, त्याचं तोंड तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तिच्या आईला, काशीला, हे कळलं तेव्हा काशीने आधी कपाळाला हात लावला, मग दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "फोटू तरी मागवलास का गो?"

फोटोचीच तर अडचण होती.

तो म्हणजे एक प्रथिन होतं. जिताड्याच्या कल्ल्यांत राहणारं. जिताडा हा मासा रायगडात जावयाला वाढतात, नाहीतर ज्याच्याकडे काम अडलंय अशा साहेबाकडे पोचवतात. कल्ले मात्र मांजराला जातात. ऋतिकाने ते मांजराच्या तोंडून सोडवले आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यांच्यावर पीएचडी सुरू केली. तिचा बाप भिकू दिवेआगरच्या बाजूच्या कोळीवाड्यातून अधूनमधून बर्फात घालून जिताडा पाठवायचा आणि फोनवर विचारायचा, "कल्लं तू घेतलंस. बाकीच्या माशाचा काय केलास?" बाकीचा मासा प्रयोगशाळेने विज्ञानाच्या हितासाठी कालवण करून संपवलेला असे.

पण विषय खरोखर वेड लावणारा होता. जिताडा आज नदीच्या गोड्या पाण्यात, तर उद्या भर समुद्रात. माणसाला साधं गाव बदललं तरी पाणी बाधतं. हा गडी महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात तोंड उघडं ठेवून फिरतो आणि खारट होत नाही. कारण त्याच्या कल्ल्यांतल्या पेशींच्या भिंतींत पंप बसवलेले असतात. पंप म्हणजे प्रथिन. एका फेरीत तीन मिठाचे कण बाहेर फेकायचे, त्यांच्या बदल्यात पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे. पुन्हा तीन बाहेर, दोन आत. सुट्टी नाही, संप नाही.

आणि ती भिंत! ती चरबीची असते. चरबीच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाण्याची आवड, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. मग असे असंख्य कण पाण्यात पडले की आपले आपणच दोन थर करून बसतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. गवंडी नाही, सिमेंट नाही, ठेकेदार नाही; बहुधा म्हणूनच ती गळत नाही. शिवाय भिंत असून ती वाहती. कण सतत जागा बदलतात, शेजाऱ्याला ढकलतात, जत्रेतल्यासारखे सरकत राहतात, आणि त्या गर्दीत पंप उभा असतो, चहूबाजूंनी चरबीने धरून ठेवलेला. हे मनात आलं की ऋतिकाला हात जोडावेसे वाटत. हातमोजे खराब होतील म्हणून ती जोडत नसे.

पंपाचा फोटो काढायचा तर आधी त्याला भिंतीतून सोडवावा लागतो. त्यासाठी साबणाच्या जातीचं एक औषध असतं. ते जास्त झालं की अंगाला चिकटलेली चरबीही धुऊन निघते. मग पंप कसा नितळ, स्वच्छ, सुंदर होतो आणि बंद पडतो. त्याला त्याच्या ओळखीची थोडी चरबी अंगाशी लागते, वर चिमूटभर कोलेस्टेरॉलही लागतं. हे ऋतिकाला पक्कं माहीत होतं. तिने तसा चरबीसकट नमुना तयारही केला होता. आता फक्त तो एका अतिथंड, अतिमहाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा होता. असा सूक्ष्मदर्शक दक्षिणेकडच्या एका संस्थेत होता आणि या वर्षी विद्यार्थ्यांपैकी एकालाच त्याच्यावर पाळी मिळणार होती.

पाळी कुणाला द्यायची हे एक समिती ठरवणार होती. समितीला निबंध वाचून कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी या वेळी छोटी चित्रफीत मागवली. बोलायचं नाही, लिहायचं नाही, नुसतं दाखवायचं. समितीत हिशेबखात्याचे एक अधिकारी होते; त्यांना समजलं तर सगळ्यांना समजलं, असं धरायचं ठरलं होतं.

चित्रफीत रविवारपर्यंत पाठवायची होती. ऋतिका शुक्रवारी घरी आली, तेव्हा तिच्याकडे काही चित्रं होती. भिकूने चष्मा लावून ती पाहिली.

"ही काय, दोन पायांची बोंबलं?"

"चरबी हाय बाबा ती. ह्यो डोका, ह्या शेपट्या."

भिकूने चित्र आडवं धरलं, उभं धरलं. "मना तर माणसा झोपलेली दिसतान. पायाला पाय लावून. असा कोन झोपतो गो?"

ऋतिकाने बापाच्या हातातलं चित्र ओढून घेतलं. मग चप्पलही न घालता ती रत्नपाल सरांच्या घराकडे पळत सुटली.

रत्नपाल सर हायस्कुलात विज्ञान आणि कवायत असे दोन विषय शिकवत आणि दोन्हींत फारसा फरक करत नसत. ऋतिकाला 'पेशी' हा शब्द त्यांनीच पहिल्यांदा फळ्यावर लिहून दाखवला होता. माणसं झोपवून पेशीची भिंत करायची, हे ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "शिट्टी लागेल?"

भांगाचे दिवस होते. भांगाला भरती-ओहोटीचा जोर नसतो, डोलीच्या जाळ्यात पाणी ओढत नाही, म्हणून होड्या किनाऱ्यावर आणि माणसं ओट्यावर असतात. ओट्यावरचा माणूस कुठल्याही कामाला तयार असतो, फक्त ते काम त्याचं स्वतःचं नसावं. काशीने भजी तळायचं कबूल केल्यावर तर कुणाला समजावण्याची गरजच उरली नाही. शनिवारी सकाळी अर्धा कोळीवाडा आणि रत्नपाल सरांच्या वस्तीतली बरीचशी मंडळी दिवेआगरच्या वाळूत हजर झाली.

जागा ऋतिकाने हेरून ठेवली होती. ओहोटी लागली की तिथे वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडतो आणि त्याच्यामागे पाण्याचं डबकं उरतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डबकं, मध्ये वाळू. समुद्र म्हणजे माशाचं बाहेर, डबकं म्हणजे माशाचं आत. वरून चित्रण करायला विनेश होता. विनेश ऋतिकाचा चुलतभाऊ. तो नागावला पर्यटकांचे ड्रोनने व्हिडिओ काढत असे. बनाना बोटीतून पडणाऱ्या माणसांचा त्याचा अभ्यास दांडगा होता.

"मंडळी!" सरांनी भोंगा तोंडाला लावला. "आज आपण चरबी आहोत!"

"मी तर कायमचीच हाय," जनी म्हणाली. जनी ही काशीची जाऊ. बोंबील वाळत घालायच्या जागेवरून दोघींचं बोलणं बंद झालेलं होतं, त्यामुळे जनी जे काही बोलायची ते हवेला उद्देशून.

प्रत्येकाने तोंडावर मासळीची पाटी पालथी घालायची, म्हणजे वरून डोकं गोल दिसेल. दोन ओळी करायच्या. एका ओळीची डोकी समुद्राकडे, दुसरीची डबक्याकडे. पाय मध्ये, पायांना पाय टेकवून. शिट्टी झाली. मंडळी झोपली. ड्रोन वर गेला.

"मध्ये गटार दिसतंय," विनेश म्हणाला.

दोन्ही ओळींच्या पायांमध्ये एक म्हैस आरामात जाईल एवढी वाट सोडलेली होती. कुणीही कुणाच्या दिशेने पाय लांब केले नव्हते. भावकीसमोर, सासऱ्यासमोर, सरांसमोर पाय पसरून कोण झोपणार? भिंत नम्र होती, पण गळकी होती.

"जवळ या!" सर ओरडले. "पाय टेकले पाहिजेत! शेपटीला शेपटी!"

मंडळी सरकली आणि पाय टेकले. आणि पाय टेकताक्षणी, जे लहानपणापासून अंगात मुरलंय ते झालं. चुकून पाय लागला की काय करायचं, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. पहिल्यांदा सरांच्या एका माजी विद्यार्थ्याने पाटी बाजूला टाकली, उठून बसला, वाकून समोरच्याला हात लावला आणि तो हात छातीला लावला. समोरच्याला संकोच वाटला; तोही उठून वाकला. मग शेजारी. मग त्याच्या शेजारी. बघता बघता ती लाट भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सगळी डोकी मध्ये आली आणि सगळ्यांचे कुल्ले पाण्याकडे.

विनेशने ऋतिकाला मोबाइलच्या पडद्यावर दाखवलं. "उलटी झाली गो तुझी भिंत."

ऋतिकाने सांगितलं, की खऱ्या भिंतीत असं उलटणं जवळजवळ होतच नाही. डोक्याला शेपट्यांमधून पलीकडे जायचं म्हणजे महाकठीण, कण बाजूला सरकेल पण उलटणार नाही.

"खऱ्या भिंतीला संस्कार नसतील," विनेश म्हणाला.

"पाया पडायचं नाही!" सर शिट्ट्या फुंकत होते. "आज कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही!" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं सोपं नव्हतं, भोंगा खाली ठेवून त्यांनी स्वतःच एकाची माफी मागितली. दोनदा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा भिंतीने नमस्कार केला.

ऋतिका वाळूत मटकन बसली. दुपारी भरती चढली की हा उंचवटा पाण्याखाली जाणार होता. उद्या रविवार. पाळी कुणा दुसऱ्याला मिळणार, आणि आपण आयुष्यभर एका न पाहिलेल्या पंपाच्या गोष्टी सांगत फिरणार, असं तिला स्पष्ट दिसायला लागलं.

तेवढ्यात मंडळी स्वतःच सरकायला लागली. शिट्टी झाली नव्हती. कुणी काही सांगितलं नव्हतं. ज्याला समोरच्याला पाय लावायची लाज वाटत होती तो गुपचूप बाजूला घसरत होता, जिथे लाज वाटणार नाही तिथे. वहिनीसमोर दीर आला. मेव्हण्यासमोर मेव्हणा. एका वर्गात नापास झालेले दोघे समोरासमोर. नवी सून सासऱ्यासमोरून सरकत सरकत नणंदेसमोर जाऊन टेकली. आणि मधोमध काशी आणि जनी, एकमेकींना तळपाय घट्ट रोवून. बोलणं बंद असलेल्या माणसाला पाय लागला तर नमस्कार करावा लागत नाही. उलट बरंच वाटतं.

ड्रोनखाली दोन रेषा जुळल्या. पाट्या बाहेर, पाय आत. आणि भिंत नुसती जुळली नव्हती, हलत होती. कुणी कूस बदलली की शेजारी सरकायचा, त्याचा शेजारी सरकायचा, आणि भिंत मासोळीच्या अंगासारखी थरथरून पुन्हा एक व्हायची.

"कुणी बांधली ही?" सरांनी हळूच विचारलं.

"कुणीच नाही, सर," ऋतिका म्हणाली. "खरी पण कुणी बांधत नाही. ज्याला जिथे लाज वाटते, तिथून तो सरकतो. एवढंच असतं."

आता पंप. पंपाला रावजी तांडेलाची लहान होडी आणली. दोन्ही ओळींना छेदून ती आडवी उभी केली. नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे; वरामाची, म्हणजे मागची, बाजू डबक्याकडे. खालून निमुळती होडी वाळूवर आपली आपण उभी राहत नाही, एका कुशीवर झोपते. पण अंगालगत झोपलेल्या मंडळींनी खांदे लावून ती धरली. होडीत रावजी स्वतः उभा राहिला. रावजीचा देह असा, की तो होडीत चढला की होडीलाच आधी कळायचं.

डबक्यात मुलं उभी केली, ती मीठ. समुद्रात मुलं उभी केली, ती पोटॅशियम. रावजीने डबक्यातली तीन उचलून समुद्रात भिरकवायची आणि समुद्रातली दोन उचलून डबक्यात. खऱ्या पंपाला दर फेरीला ऊर्जेचा एक कण लागतो. रावजीला दर फेरीला एक भजं लागणार होतं. ते द्यायला काशीची बहीण टोपली घेऊन उभी राहिली.

याच सुमाराला पुण्याचं जोडपं आलं. अजितराव आणि पूनमताई, एका वाडीतल्या घरगुती मुक्कामाला उतरलेले. हातात योगाच्या चटया.

"हे शवासनाचं शिबिर आहे का?" अजितरावांनी विचारलं. "आमच्या पॅकेजमध्ये येतं?"

"येतं," विनेश म्हणाला. तो नागावला काम करायचा. पर्यटकाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

होडीची सावली बघून दोघं होडीला लगटून आडवे झाले, एक या कुशीला, एक त्या. गुंडाळलेल्या चटया त्यांनी अंगाजवळ होडीखाली सरकवल्या, आणि असे ताठ झोपले, की आजूबाजूची सगळी सळसळ तिथे येऊन थांबली. ऋतिकाला हसू आलं. चरबीच्या वाहत्या गर्दीत मध्येच ताठ उभं राहून गर्दीला शिस्त लावणारं कोण असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"कोलेस्टेरॉल आलं," ती म्हणाली.

"पुण्याचं हाय," भिकू पाटीखालून म्हणाला. "शुद्ध असल."

शिट्टी झाली आणि पंप सुरू झाला. रावजीने भजं खाल्लं, तीन पोरं समुद्रात टाकली, दोन डबक्यात टाकली. पुन्हा भजं. पोरं किंचाळत होती, आणि टाकलेली पोरं फिरून पुन्हा रांगेत येत होती, जे विज्ञानाच्या दृष्टीने चूक होतं पण मिठाच्या दृष्टीने समजण्यासारखं होतं. ड्रोन वर घरघरत होता.

"थांबा!" सरांनी शिट्टी मारली. विनेशच्या पडद्यावर त्यांना काहीतरी खटकलं होतं. "पंपाभोवती फार गिचमिड आहे. पंप कसा स्वच्छ दिसला पाहिजे. आणि ते दोघं आपले नाहीत. चटईवाले, तुम्ही जरा बाजूला होता का?"

ऋतिका त्या वेळी पोरांची रांग लावत होती. तिला ऐकू आलं नाही.

अजितराव उठले. "आम्ही विचारून झोपलो होतो," ते म्हणाले, आणि चटया काखेत मारून दोघंही शहाळ्याच्या गाडीकडे चालू लागले.

पंप खरोखर स्वच्छ दिसत होता. रावजीने भजं खाल्लं, पहिलं पोर उचललं, आणि होडी कुरकुरली. शेजारची मंडळी रिकाम्या जागेत सरकली, पण ती मऊ, सरकती माणसं. खांदा लावायच्या आत घसरायची. होडी एका कुशीला कलली. रावजी काठाला धरून उभा राहिला, काखेत पोर, तोंडात भजं, आणि दोन्ही गिळता येईनात.

"ढकला रं!" भिकू ओरडला. "आंगाव येल!"

ऋतिकाने मागे वळून पाहिलं. एका क्षणात तिला सगळं दिसलं. हे तिला माहीत होतं. तिने हे कागदावर लिहिलं होतं, दोनदा मोठ्या सभांमध्ये सांगितलं होतं, आणि लोकांनी चहा पीत मान हलवली होती. पण नितळ केलेला पंप असा कलतो, काम तोंडात धरून असा थांबतो, हे तिनेही पहिल्यांदाच पाहिलं.

"कोलेस्टेरॉल परत बोलवा!" ती किंचाळली.

आणि स्वतः धावत जाऊन होडीच्या कलत्या कुशीखाली पाठ रुतवून आडवी झाली. फळी खांद्याला लागली. वरून रावजी म्हणाला, "पोरी, सरक, मी जड हाय." ती म्हणाली, "म्हाईत हाय, दादूस. तू खाली बघू नको." एरवी समोरच्याला पाय लागायला नको म्हणून तिने विचार केला असता. आता तिने पाय ताणले आणि ज्याला लागले त्याला लागले.

तिकडे विनेश एका हातात ड्रोनचं यंत्र घेऊन शहाळ्याच्या गाडीशी पोचला होता. "काका, चला. तुमच्याशिवाय पेशी पडते."

"आत्ता तर नको होतो," अजितराव म्हणाले. त्यांची स्ट्रॉ अजून शहाळ्यात होती.

"ती आमची चूक होती," धापा टाकत आलेले सर म्हणाले. मग ते खाली वाकले आणि भर किनाऱ्यावर त्यांनी कोलेस्टेरॉलला नमस्कार केला. पूनमताई विरघळल्या. अजितराव विरघळणाऱ्यांतले नव्हते, पण चालू लागले.

ते आले, चटया होडीखाली गेल्या, दोघं पुन्हा ताठ झाले, आणि होडी हळूहळू सरळ झाली. रावजीने भजं गिळलं आणि पोर समुद्रात टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. ऋतिका तिथेच पडून होती. तिला चित्र दिसत नव्हतं, पडदा दिसत नव्हता. वर आभाळ, एक घरघरणारा ठिपका, आणि तिच्यावरून उडत जाणारी मुलं, मीठ आणि पोटॅशियम, मीठ आणि पोटॅशियम. भरती लागली. समुद्राकडच्या ओळीच्या पाट्यांना पाणी लागलं, तरी कुणी उठलं नाही. डोक्यांना पाणी आवडतं, असं सकाळी सांगितलं होतं. मंडळींनी ते मनावर घेतलं होतं.

भजी संपली तेव्हा पंप बंद पडला.

रात्री जेवताना सगळ्यांनी चित्रण पाहिलं. सरांना वाटत होतं, होडी कलली तो भाग कापावा. चूक आपली, ती दिल्ली-मद्रासपर्यंत कशाला जावी. ऋतिकाने नमस्काराचे प्रयत्न कापले. पण पंप स्वच्छ केला तिथपासून तो पुन्हा सरळ झाला तिथपर्यंतचं सगळं तसंच ठेवलं आणि रविवारी पाठवून दिलं.

समितीने तिला फोनवर बोलावलं, तेव्हा पहिला प्रश्न हिशेबखात्याच्या अधिकाऱ्यांनीच विचारला. "ते चटईवाले गेल्यावर ते यंत्र पडलं. मग ते यंत्राचाच भाग धरायचे की बाहेरचे?"

तीन वर्षांत ऋतिकाला हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नव्हता.

"तेच मला बघायचंय, सर," ती म्हणाली.

पावसाळ्याआधी तिला पाळी मिळाली. दक्षिणेतल्या त्या संस्थेत एका थंडगार खोलीत ती बसून राहिली, आणि असंख्य धूसर ठिपक्यांवर ठिपके रचत संगणकाने अखेर पडद्यावर एक आकार उभा केला. तिने तो वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतला. मग बाहेर पायरीवर येऊन तिने घरी फोन लावला.

"दिसला?" भिकूने विचारलं. मागून काशीचा, आणि नीट कान दिला तर जनीचाही आवाज येत होता.

"दिसला."

"कसा हाय आंगानं?"

"बरा हाय, बाबा. खांद्यावर, कंबरेवर, बारीक बारीक चरबी धरून हाय. एवढं धुतला तरी सोडलं न्हाय तिनं."

भिकूने ते मागच्या दोघींना ओरडून सांगितलं. मग भिकू म्हणाला, "मंग आपल्यातलाच हाय."